कड्यावरच्या पामच्या ६१ बिया आणि बडोद्याच्या रात्री

हे सगळं ज्या काकूंच्या घरी घडलं त्या म्हणाल्या, लिही, पण माझं नाव नको. म्हणून नावं कुणाचीच देत नाहीये. आणि बिया ज्या कड्याखालून आल्या तो कडा कुठला तेही सांगणार नाही, कारण अशा जागेचं नाव बाहेर पडलं की माणसं पिशव्या घेऊन पोचतात. बाकी आकडे काकूंच्या वहीतलेच आहेत. त्या रोज लिहायच्या, चुका झाल्या त्या दिवशीही.

पार्श्वभूमी

काकू ७४ वर्षांच्या, जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातला, लग्नानंतर कारेलीबागेत टेनामेंटमधे. शाळेत ३० वर्षं विज्ञान शिकवलं आणि गच्चीवर आजही दीडेकशे कुंड्या आहेत. त्यांचा भाचा नोकरीसाठी तिकडे दक्षिणेत, तिरुनेलवेलीच्या बाजूला. ट्रेकिंगचा नाद आहे त्याला, एकदा मित्रांबरोबर डोंगरात गेला तेव्हा एका सरळसोट कड्याच्या पायथ्याशी त्याला बोराएवढी गोल, काळपट चॉकलेटी फळं पडलेली दिसली. वर बघितलं तर खडकाच्या फटीतून बारीक खोडाचे पाम वाकून बाहेर आलेले. मावशीला झाडांचं वेड, त्यानं ६१ फळं वेचली, प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि होळीच्या आधी बडोद्याला आला तेव्हा पेढ्याच्या बॉक्सबरोबर तीही काकूंच्या हातात दिली. बरोबर मोबाईलवर चार फोटो होते आणि फुलोऱ्याचा एक वाळका तुकडा, जो त्यानं सहज खिशात टाकला होता. पुढे सगळ्यात जास्त कामाला आला तो हाच तुकडा.

मी काकूंच्या शेजारची, बॉटनीत एमएस्सी केलंय आणि कॉलेजात शिकवते. तिसरे म्हणजे आमचे रिटायर्ड सर, ज्यांनी मला पाम कसा बघायचा ते शिकवलं.

हा पाम कोण, हे ठरवणं

भाच्याला वाटलं होतं जंगली सुपारी असेल. अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, झाड त्याच कुळातलं, खोडावर तशीच गोल वळ्यांची नक्षी आणि वर पानांच्या देठांनी मिळून झालेला तो हिरवा गुळगुळीत दंडगोल. पण दक्षिण सह्याद्रीच्या त्या पट्ट्यात सुपारीसारखे दिसणारे अजून असतात. पिनांगा डिक्सोनाय असू शकला असता, पण तो झाडांच्या सावलीत खाली राहतो, एका बुडातून अनेक बारीक खोडं येतात, आणि फोटोत तर प्रत्येक झाड एकेकटं उभं होतं. अरेंगा वायटी असता तर फळं हाताळून काकूंचे हात खाजले असते, कारण त्याच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तेही झालं नाही.

सर म्हणाले एक बी कापा. काकूंनी आईचा पितळी अडकित्ता काढला. तुम्ही कधी सुपारी कातरलीयेत ना, आत पांढऱ्यावर तपकिरी रेषांचं जाळं दिसतं, बीच्या सालीच्या घड्या गाभ्यात घुसतात म्हणून ते तसं दिसतं, पिनांगाचंही तसंच असतं. ही बी कापली तर आत सगळं एकसारखं पांढरं, रेष नाही की शीर नाही. सर खुर्चीतून उठलेच. मग तो वाळका तुकडा भिंगाखाली धरला, त्याच्या काड्यांवर रांगेनं बारीक खळगे होते, ओठ असल्यासारखे. या झाडाची फुलं काडीवर बसत नाहीत, काडीत रुतलेली असतात, एका खळग्यात तीन, मधे मादी आणि दोन बाजूंना दोन नर. तसे खळगे ताडगोळ्याच्या नर झाडाच्या दांड्यातही असतात पण तो मैदानातला, जाड खोडाचा आणि पंख्यासारख्या पानांचा, त्याच्याशी गल्लत व्हायचं कारणच नव्हतं.

म्हणजे बेंटिंकिया कोंडापन्ना. जगात बेंटिंकियाच्या जाती दोनच, दोन्ही भारतातल्या. एक निकोबार बेटांवरची आणि दुसरी ही, केरळ आणि तमिळनाडूच्या सह्याद्रीत साधारण १००० ते १८०० मीटर उंचीवर, तेही कड्यांवर. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत ही धोक्यातली म्हणून नोंदलेली आहे. नाव विल्यम बेंटिंकवरून पडलं, म्हणजे १८२९ मधे सतीबंदीचा कायदा करणारा तोच गव्हर्नर जनरल, त्याच्या आधी तो मद्रासचा गव्हर्नर होता.

कड्यावरच का, हे मला या झाडाबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हत्तींना याचा कोवळा शेंडा फार आवडतो. आणि असं एकच खोड असलेल्या पामला शेंडा एकच असतो. आंब्याची फांदी मोडली तर बाजूनं फुटवे येतात, पामचं तसं नाही, खोडाच्या टोकाला वाढीचा एकच कोंब, तो गेला की झाड गेलं, कोकणात नारळाचा शेंडा गेंडा भुंग्यानं पार पोखरला की जे होतं तेच. त्यामुळे जिथे हत्तीची सोंड पोचते तिथे हा पाम उरत नाही. कड्यावर तो आनंदानं राहतो की नाही माहीत नाही, उरलाय मात्र तिथेच.

अडचणी, एकात एक गुंतलेल्या

पहिली अडचण कायद्याची. सरांनी भाच्याला शांतपणे विचारलं की तू गेलास ती जागा अभयारण्यात येते का, त्यानं नकाशा उघडून बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, जमिनीवर पडलेलं फळही. तो म्हणत राहिला की पडलेलीच होती, हत्तींनी तुडवलीच असती. खरंय, पायथ्याशी रुजलेलं रोप बहुतेक हत्तीच्या पोटात गेलं असतं. पण ६१ मधली दोन-चार फळं पक्ष्याबरोबर किंवा पावसाच्या लोटाबरोबर एखाद्या फटीत पोचली असती का, हा हिशोब आपण करू शकत नाही, आणि करता येत नाही म्हणूनच उचलायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे, ते मी त्यालाही सांगितलं.

दुसरी अडचण वेळेची. बऱ्याच ओल्या जंगलातल्या पामांच्या बिया वाळल्या की मरतात. गहू-हरभऱ्याची बी वाळवून डब्यात ठेवली की वर्षानुवर्षं झोपून राहते, या बियांना तशी झोप नसते, आतलं पाणी ठराविक पातळीखाली गेलं की गर्भ संपला. आणि आम्हाला हे सुचेपर्यंत काकूंनी १८ फळं सोलून, बिया धुवून, वर्तमानपत्रावर पसरून गच्चीत दोन दिवस उन्हात ठेवली होती. भोपळा, कारलं, झेंडू, सगळ्या बिया त्या आयुष्यभर तशाच करत आल्या. उरलेली ४३ फळं गरासकट पिशवीत राहिली होती ती केवळ वर्तमानपत्र कमी पडलं म्हणून.

तिसरी अडचण बडोदा. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर, मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, हवा कोरडी ठाक, बोअरचं पाणी जड.

काय काय पर्याय होते

काकूंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं बसलो, भाच्याची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती.

भाचा म्हणाला बिया परत नेऊन कड्याखाली टाकतो, विषय संपला. सरांनी लगेच नाही म्हटलं. या बिया आता काकूंच्या सिंकमधे धुतल्या गेल्यात, गच्चीवरच्या मातीशेजारी राहिल्यात, इथली बुरशी, इथली सूत्रकृमी जंगलात नेऊन सोडायची आपल्याला मुभा नाही. मलाही ते पटलं.

दुसरा पर्याय होता बिया लगेच, ओल्या कोकोपीटमधे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात बांधून, डोंगरावरच्या एखाद्या अधिकृत नर्सरीकडे किंवा बोटॅनिकल गार्डनकडे पाठवायच्या. पण कुणाची ओळख नव्हती, आधी वनखात्याला कळवायला हवं, उत्तर कधी येईल माहीत नाही.

तिसरा, इथेच पेरायच्या. इथे एक गोष्ट घडली जिनं आमचा सगळा अंदाज चुकवला. काकूंच्या ओळखीच्या एका नर्सरीवाल्यानं फोनवर छातीठोक सांगितलं की बेंटिंकिया ना, मस्त येतो, मोठ्या मोठ्या बागांमधे आहे, मी पाहिलाय. तो खोटं बोलत नव्हता. बागांमधे जी बेंटिंकिया दिसते ती बहुतेक निकोबारची, म्हणजे बेटावरची, समुद्राजवळची, उकाड्यात वाढलेली. आमची डोंगरावरची. मला हा फरक माहीत होता, पुस्तकातून माहीत होता, पण त्या क्षणी मी तो ठासून मांडला नाही, कारण काकूंचे डोळे चमकले होते आणि मलाही मनातून वाटत होतं की रुजलं तर काय बहार येईल. तिथे मी कमी पडले.

ठरलं असं की वनखात्याला पत्र आणि ईमेल करायची, भाच्यानं स्वतःच्या नावानं, जे झालं ते जसंच्या तसं लिहून. आणि उत्तर येईपर्यंत बिया मरू नयेत म्हणून पेरायच्या. 'चालशे,' काकू म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी कामाला लागल्या.

काय केलं

४३ फळं तीन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून. गर चोळून काढला. एक बी अडकित्त्यात गेलेली, उरल्या ४२. उन्हात वाळवलेल्या १८ वेगळ्या पेरल्या, आशा नव्हती पण नोंद हवी होती.

पेरायचं कशात यावर बराच वेळ गेला. काकूंनी पूर्वी खजूर लावला होता म्हणून त्या खोल कुंड्या घेऊन आल्या. खजुराची बी रुजते तेव्हा आधी एक लांब नळी खाली जमिनीत उतरते आणि रोप बीपासून लांब, खालून वर येतं, म्हणून त्याला खोली लागते. या झाडाचं सुपारीसारखं, कोंब बीला चिकटूनच बाहेर येतो, उथळ डबा पुरतो. मग घरात होते ते फरसाणाचे पारदर्शक डबे घेतले, तळाला भोकं, कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत आणि विटेचा चुरा, बी अर्धी झाकलेली, वर झाकण सैल.

जागा मात्र कारेलीबागेतली गच्ची नको हे सगळ्यांना कळत होतं. काकूंच्या भावाच्या ताब्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा अर्धा भाग अजून आहे, तळमजल्यावर एक खोली, दोन फूट जाडीच्या भिंती, एकच खिडकी चौकात उघडणारी. मे महिन्यात दुपारी बाहेर ४३ असताना आत ३२. आम्हाला वाटलं जिंकलो. काकू रोज सकाळी रिक्षानं तिकडे जायच्या, पाणी फवारायच्या, वहीत लिहायच्या.

११ व्या आठवड्यात पहिला कोंब दिसला आणि पाऊस सुरू होईपर्यंत ४२ पैकी २७ रुजल्या. वाळवलेल्या १८ पैकी एकही नाही, नंतर उकरून बघितल्या तर आत करडा भुगा. पहिलं पान टोकाशी दुभंगलेलं, माशाच्या शेपटीसारखं, मोठ्या झाडाच्या पिसासारख्या पानांशी काहीच साम्य नाही. काकूंनी त्या दिवशी शिरा केला.

या यशानंच आमचा घात केला. उबदार खोली उगवणीला चांगलीच असते, बी आपल्या शिदोरीवर जगत असते तेव्हा तिला ऊब हवीच असते. रोपाचं तसं नसतं हे आमच्या लक्षातच आलं नाही. सगळे म्हणायला लागले की बघा, बडोद्यात रुजतंय म्हणजे जगणारच.

मधे, पत्र पाठवल्यावर पाच आठवड्यांनी, वनखात्यातून फोन आला होता. बोलणारे अधिकारी सरळ माणूस वाटले, रागावले, मग म्हणाले की जंगलात परत काही आणू नका, रोपं झाली तर डोंगरावरच्या एका नर्सरीचा पत्ता देतो, मुळं धुवून, माती काढून तिकडे द्या, आणि पुन्हा असं करू नका. भाच्यानं लेखी माफी पाठवली. म्हणजे जायचा रस्ता आमच्याकडे पहिल्या उन्हाळ्यापासूनच होता हे लक्षात ठेवा.

पहिलं वर्ष

पावसाळा बरा गेला. दोन रोपं मधून कुजली, एक खारीनं उपटलं, एक का गेलं कळलं नाही. २३ राहिली. ऑक्टोबरात पानांची टोकं तपकिरी पडायला लागली, डब्याच्या कडेला पांढरा थर दिसला, म्हणजे जड पाण्याचे क्षार. डोंगरावरची माती आम्लधर्मी, पालापाचोळ्याची, तिथे पावसाचं मऊ पाणी. आम्ही बोअरचं पाणी बंद केलं, साठवलेलं पावसाचं पाणी द्यायला लागलो, ते संपल्यावर आरओचं. टोकं जळायची थांबली.

आणि मग हिवाळा. काकूंच्या वहीत डिसेंबर ते फेब्रुवारीची पानं मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. बाकी सगळ्या गच्चीतल्या कुंड्या थंडीत गप्प बसतात, पामवाले तर सांगतात की थंडीत पाम झोपतो, आणि ही रोपं त्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त वाढली. रात्री १२-१४, दिवसा २८. काकूंनी उत्तरायणच्या दिवशी लिहिलंय, 'आज ९ रोपांना नवीन पान. थंडी आवडते वाटतं.' सगळं उत्तर त्या एका ओळीत होतं आणि ती आम्ही तिघांनीही वाचून सोडून दिली.

निर्णयाची वेळ, आणि तीन आठवडे

मार्चअखेर पानांचा रंग उडाला. एप्रिलच्या १० तारखेपर्यंत ५ रोपं गेली. सगळ्यांचं लक्षण एकच, मधलं न उघडलेलं पान धरून हलकं ओढलं की हातात यायचं, खाली कुजलेला वास. एकच कोंब, तोच गेला. आम्हाला वाटलं बुरशी, बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक दिलं. मग वाटलं पाणी, पण पाणी तर सुधारलेलं होतं आणि टोकं स्वच्छ होती.

सरांनी तेव्हा कमाल-किमान थर्मामीटर आणून खोलीत एक आणि चौकात एक लावला. तोपर्यंत आम्ही फक्त दुपारचं तापमान बघत होतो. आठवड्याचे आकडे समोर ठेवले तेव्हा मला अक्षरशः पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. खोलीत दुपारी ३२, आणि पहाटे ३०. त्या जाड भिंती ज्यांचं आम्ही कौतुक करत होतो त्या दिवसभर उष्णता पितात आणि रात्रभर आत सोडतात. बाहेर चौकात दुपारी ४१ पण पहाटे २६.

आता डोंगराचा हिशोब करा. उंचीबरोबर तापमान साधारण दर १००० मीटरला साडेसहा डिग्रीनं उतरतं. पायथ्याला रात्री २६ असेल तर १३०० मीटरवर १७-१८, पावसाळी धुक्यात अजून कमी. झाड दिवसा साखर कमावतं आणि दिवसरात्र खर्च करतं, श्वासातून. तापमान १० डिग्री वाढलं की हा खर्च ढोबळमानानं दुप्पट होतो. ज्या रोपाचं सगळं गणित १८ डिग्रीच्या रात्रीवर बसलेलं आहे ते ३० च्या रात्री रोज कमाईपेक्षा जास्त उडवत होतं. दुपारी त्याला सावली होती, ओल होती, पानं टवटवीत दिसत होती, आणि रोज रात्री ते थोडं थोडं उपाशी मरत होतं. बुरशी नंतर आली, कमजोर झालेल्याला धरायला.

पर्याय दोन उरले. एसीची खोली, रात्री २० वर. काकूंनी दोन रात्री करून बघितलं, रोपांबरोबर स्वतः स्वेटर घालून झोपल्या, पण एसी हवा कोरडी करतो, पानं गुंडाळायला लागली, भांडी भरून पाणी ठेवलं तरी फरक नाही, आणि हे जूनपर्यंत रोज करायचं म्हणजे बिल किती येणार. किंवा आत्ता, लगेच, नर्सरीकडे.

मी म्हटलं आत्ता. काकू म्हणाल्या पंधरा दिवस बघू.

मी त्यांना दोष देत नाही. वर्षभर रोज रिक्षानं जाऊन वाढवलेली रोपं. त्यांचे यजमान आदल्याच वर्षी गेले होते आणि त्या मला एकदा म्हणाल्या होत्या की सकाळी उठायला कारण मिळालं. कुठल्या तोंडानं सांगायचं की द्या आता. सरही गप्प बसले. चौकात रात्री डबे बाहेर आणायचे आणि सकाळी आत असा मधला रस्ता काढला, त्यानं थोडा फरक पडला, पण चौकातल्या २६ चे महिनाअखेर २८ झाले. १ मेपर्यंत अजून ६ गेली. १८ ची १२ झाली. त्या दिवशी काकूंनी स्वतः भाच्याला फोन लावला, 'ये आणि घेऊन जा.'

शेवटी काय झालं

भाचा आला. आम्ही १० रोपांची मुळं बादलीत धुतली, माती पूर्ण काढली, धुतलेल्या ओल्या कोकोपीटमधे गुंडाळून फरसाणाच्या त्याच डब्यांत ठेवली, थर्मोकोलच्या खोक्यात तळाला बर्फाच्या बाटल्या, वर कापड. दोन रात्रींचा रेल्वेचा प्रवास, तो प्रत्येक मोठ्या स्टेशनवर बर्फ बदलत गेला. नर्सरी साधारण ११०० मीटरवर आहे. त्यांनी रोपं दोन महिने वेगळी ठेवली, रोग नाही बघून मग सावलीच्या जाळीखाली घेतली. पहिल्या पावसाळ्यात दोन गेली, नंतर एक. सात आहेत. दोन वर्षांनी आलेल्या फोटोत त्यातल्या चारांची नवीन पानं दुभंगलेली नाहीत, मोठ्या झाडासारखी बाजूनं चिरत चाललीत.

काकूंनी दोन ठेवली होती. मी काही बोलले नाही, बोलायला हवं होतं का अजून ठरवता येत नाही. एक १९ मेला गेलं, एक जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी.

पुन्हा करायचं झालं तर

फळं उचलायचीच नाहीत, हे तर झालंच. भाचा आता ट्रेकला जातो तेव्हा फक्त फोटो काढतो आणि उंची लिहितो.

पण समजा कुणाच्या हातात अशा बिया येऊनच पडल्या, तर पहिल्या दोन दिवसांत काय होतं त्यावर सगळं ठरतं. धुवा पण वाळवू नका, ओल्या ठेवा. ओळख पटवल्याशिवाय कुणाचा सल्ला घेऊ नका, कारण नुसतं 'बेंटिंकिया' म्हटल्यावर आम्हाला दुसऱ्याच झाडाचं उत्तर मिळालं होतं. आणि बिया हलवणं रोपं हलवण्यापेक्षा कितीतरी सोपं. पत्राच्या उत्तराची वाट न बघता आम्ही त्याच आठवड्यात वनखात्याला फोनवर फोन केले असते तर ४२ बिया डब्यात ओल्या बांधून एप्रिलमधेच वर पोचल्या असत्या. २७ रुजल्या होत्या इथल्या खोलीत, तिथे किती जगल्या असत्या ते मी रात्री कधी कधी मोजत बसते.

थर्मामीटर पहिल्या दिवशी लावायचा होता. किमान तापमान वहीत हवं होतं. डोंगरावरचं कुठलंही झाड मैदानात आणणाऱ्याला मी आता आधी हेच विचारते, तुमच्याकडे मेमधे पहाटे चारला किती असतं. दुपारचं सगळ्यांना पाठ असतं.

तीन आठवड्यांच्या त्या उशिराबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. सर म्हणतात काकूंना आकडे दाखवून पटवायला हवं होतं, सहा रोपं वाचली असती. मला वाटतं चूक त्याच्या आधीची, फेब्रुवारीतली. तेव्हा रोपं जोरात होती, प्रवास सोपा होता, नर्सरीचा पत्ता हातात होता, आणि तेव्हा निरोप देणं काकूंनाही जड गेलं नसतं कारण रोपं आजारी नव्हती. मरायला टेकलेल्याला कुणी सोडवत नाही. देण्याचा दिवस पेरतानाच वहीत लिहून ठेवला असता, उत्तरायण झालं की पाठवायची असा, तर हा प्रसंग आलाच नसता.

काकूंनी रोपांबरोबर त्या वहीची झेरॉक्सही पाठवली होती, ११४ पानं, अर्धी मराठी अर्धी गुजराती. नर्सरीतल्या बाईंना दोन्ही वाचता येत नाही, त्यांनी भाच्याकडून आकडे समजून घेतले आणि आता त्या सात रोपांचं रोजचं किमान तापमान लिहून महिन्याच्या शेवटी काकूंना पाठवतात. परवाच आलं. १६, १७, १६, १५.